सुटणे आणि सोडणे : स्त्रियांच्या श्रोणितल-भौतिकोपचारातील भाषेचा प्रश्न

१

वैद्यक हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा आहे, ही समजूत सामान्यतः बरोबरच आहे. औषधाची गोळी रुग्णाच्या मातृभाषेची चौकशी करीत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी तर रुग्ण बहुधा शुद्धीवरही नसतो. तथापि एक उपचार असा आहे की, ज्याचा मोठा भाग केवळ शब्दांनी पार पडतो. उपचार करणाऱ्याने सांगावयाचे आणि रुग्ण स्त्रीने ते ऐकून आपल्या शरीरातील एक न दिसणारा स्नायू हालवावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. येथे सांगण्यात चूक झाली, तर उपचारातच चूक होते. श्रोणितलाचा भौतिकोपचार, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे शास्त्रीय शिक्षण, हा तो उपचार होय.

प्रस्तुत लेखिकेचे या विषयाकडे लक्ष वेधले ते एका घरगुती प्रसंगामुळे. साठी उलटलेल्या एका मावशींना खोकताना, शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास अनेक वर्षे होता. अखेर त्यांना एका रुग्णालयात नेण्यात आले. तेथे त्यांना ‘खालचे स्नायू जोर लावून आवळा, रोज करा’ असे सांगण्यात आले. दोन महिने त्यांनी हा व्यायाम निष्ठेने केला आणि त्रास वाढला. ‘मावशी, तू नेमके काय करतेस?’ असे विचारले, तेव्हा त्या आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाल्या, ‘जोर लावतो नं बाई, बाळंतपणात लावतो तसा.’ म्हणजे जे आत ओढून वर उचलावयाचे, ते त्या दोन महिने खाली ढकलीत होत्या. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि मावशींच्या आज्ञाधारकपणातही काही उणे नव्हते. दोष ‘जोर लावणे’ या क्रियापदात होता. हे क्रियापद मराठी स्त्री आयुष्यात ज्या प्रसंगी सर्वांत गंभीरपणे ऐकते तो प्रसंग प्रसूतीचा, आणि तेथे त्याचा अर्थ कुंथणे हाच असतो.

हा अनुभव एकट्या मावशींचा नव्हे. अमेरिकेत १९९१ साली बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तेचाळीस स्त्रियांना या व्यायामाची थोडक्यात तोंडी सूचना दिली आणि त्या प्रत्यक्षात काय करतात हे उपकरणांनी मोजले. तेवीस स्त्रियांना, म्हणजे सुमारे निम्म्यांना, ती क्रिया योग्य रीतीने साधली. बारा स्त्रियांची क्रिया अशी होती की, तिने मूळचा दोष वाढण्याचाच संभव होता. एवढ्या स्त्रियांच्या बाबतीत तोंडी सूचना का फसावी, आणि मराठीत ती कशी द्यावी, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम शरीररचनेची आवश्यक तेवढी ओळख करून घेऊ.

२

पुढे जघनास्थी, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंस श्रोणीची हाडे, अशा चौकटीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तीच श्रोणितल होय. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय ही तीन इंद्रिये या झोळीच्या आधाराने राहतात, आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग हे तीन मार्ग तिच्यातून खाली उतरतात. म्हणून या स्नायूंना परस्परविरुद्ध वाटणारी दोन कामे करावी लागतात. वरचा भार अहोरात्र तोलून धरावयाचा, हे पहिले. आणि मार्ग वेळेवर बंद ठेवून वेळेवर मोकळे करावयाचे, हे दुसरे. त्यांतील बहुसंख्य तंतू संथ जातीचे, दीर्घकाळ टिकणारे असतात. उरलेले शीघ्र जातीचे असून खोकला किंवा शिंक येताच झटकन आवळले जातात.

प्रसूतीत या झोळीवर विलक्षण ताण येतो. बालकाचे मस्तक बाहेर येताना तिचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे संगणकीय प्रतिकृतींवरून दिसून आले आहे. बहुतेक स्त्रियांचे स्नायू पुढे सावरतात. काहींचे पुरते सावरत नाहीत. त्यात जुनाट खोकला, मलावरोध, स्थूलता, डोक्यावरील वा कमरेवरील जड ओझी आणि रजोनिवृत्तीनंतर ऊतींत होणारे बदल यांची भर पडते. परिणामी पोटातील दाब वाढताच लघवी सुटते, किंवा आधार सैल होऊन गर्भाशय वा योनीची भिंत खाली उतरू लागते. काही स्त्रियांत मात्र याच्या नेमका उलट प्रकार आढळतो. त्यांचे स्नायू सतत आखडलेले असतात. त्यामुळे समागमाच्या वेळी वेदना, लघवी वा शौचास अडथळा, ओटीपोटात ठणका अशा तक्रारी उद्भवतात. अशा स्त्रीला ‘आवळा’ असे सांगणे म्हणजे आधीच घट्ट बसलेली गाठ आणखी ओढणे होय. तिला शिकवावयाचे ते सैल सोडणे.

३

या स्नायूंना हेतुपूर्वक व्यायाम द्यावा, ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तकीने १९३६ साली प्रसूतीनंतरच्या व्यायामांवरील पुस्तकात तिची मांडणी केली होती. वैद्यकात तिला स्थान मिळवून दिले ते लॉस एंजलिस येथील आर्नोल्ड केगेल यांनी. १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी योनिमार्गातील दाब मोजणारे एक उपकरण वर्णिले. स्त्रीने स्नायू आवळला की त्यावरील काटा हालत असे. केगेल यांचे नाव आज व्यायामाला चिकटले आहे. परंतु स्त्रीला स्वतःच्या न दिसणाऱ्या प्रयत्नाचे फळ डोळ्यांनी दाखविणे, ही त्यांची खरी देणगी होती. शब्द अपुरे पडतात हे त्यांनी जाणले होते. पुढे मात्र उपकरण मागे पडले आणि पत्रकावर छापलेली सूचना तेवढी उरली.

व्यायामाच्या उपयुक्ततेविषयी आता शंका उरलेली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत चौदा देशांतील ३१ चाचण्या आणि १८१७ स्त्रिया यांचा विचार केलेला आहे. खोकताना वा श्रम करताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. व्यायाम न करणाऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. गर्भाशय वा योनीची भिंत खाली उतरण्याच्या विकारावर २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४४७ स्त्रियांवरील चाचणीतही व्यक्तिशः शिकविलेल्या व्यायामाने त्रास कमी झाल्याचे आढळले. विकार फार पुढे गेला असेल, तर आधाराची कडी बसविणे किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग उरतात. या शस्त्रक्रियांच्या इतिहासात शिरोडकर आणि पुरंदरे ही दोन मराठी नावे जगभर आदराने घेतली जातात. शस्त्राच्या क्षेत्रात मराठी माणसाची नाममुद्रा उमटली. व्यायामाला मात्र अद्याप धड मराठी नावही मिळालेले नाही. तेव्हा आता नावांकडे वळू.

४

‘भौतिकोपचार’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला आहे. ‘श्रोणितल’ हा शब्दही परिभाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. श्रोणीचा तळ, एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु पारिभाषिक शब्दाची कसोटी दुहेरी असते. तो शास्त्रज्ञाला नेमका वाटला पाहिजे, आणि ज्याच्या देहाविषयी तो बोलतो त्याला आपला वाटला पाहिजे. या नगरीत हा वाद जुनाच आहे. डॉ. रघुवीर यांची संस्कृतनिष्ठ परिभाषा घडत असताना त्यांचे कार्यस्थान काही वर्षे नागपूर हेच होते. त्या परिभाषेची रचनाशक्ती जितकी वादातीत, तितकीच तिची दुर्बोधताही सर्वपरिचित आहे. ‘श्रोणी’ हा शब्द संस्कृत काव्याच्या विद्यार्थ्याला स्त्रीच्या रूपवर्णनातून माहीत असतो. रोवणी करून घरी आलेल्या स्त्रीला तो मुळीच माहीत नसतो.

ती काय म्हणते? ती म्हणते, ‘अंग बाहेर येते.’ अंग म्हणजे संपूर्ण देह. परंतु येथे अवघा देह एका अवयवाच्या जागी उभा केलेला आहे. भागाचे नाव घेणे लाजिरवाणे म्हणून समग्राचे नाव घ्यावयाचे, ही सौम्योक्तीची एक परिचित तऱ्हा आहे. श्वेतप्रदरासाठी ‘अंगावरून जाणे’ हा प्रयोग याच मुशीतला. गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणावयाचे, आणि या सर्वांविषयी बोलणे अगदी अशक्य झाले की ‘कंबर दुखते’ एवढे म्हणून थांबावयाचे. आणि उपचार न करता दुखणे सोसण्याला मराठीत काय म्हणतात? ‘अंगावर काढणे’. बाहेर येते ते अंग आणि काढावयाचे तेही अंगावर; स्त्रीच्या दुखण्याचा सबंध इतिहास या एका शब्दाच्या तीन प्रयोगांत सामावला आहे.

लज्जेचा हा पडदा केवळ मराठीत आहे, असे मात्र समजू नये. श्रोणितलाला चेतना पुरविणाऱ्या प्रमुख मज्जातंतूस पाश्चात्त्य शरीरशास्त्रात ‘प्युडेंडल’ असे नाव आहे. लॅटिनमधील ‘लाजणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ते निघाले असून, ज्याची लाज बाळगावी त्या भागाचा तंतू, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडील ‘गुह्य’ आणि ‘गुप्तांग’ हे शब्द लपविण्याच्या क्रियेतून आले. एका संस्कृतीने नावात लाज घातली, दुसरीने लपवणूक घातली. आयुर्वेदाच्या संहितांनी मात्र हा संकोच बाळगला नव्हता. त्यांनी स्त्रीरोगांचे वीस प्रकार मोजले असून सुश्रुताच्या यादीत ‘प्रस्रंसिनी’ हा एक प्रकार आहे. खाली सरकणे या अर्थाच्या ‘स्रंस्’ धातूपासून तो साधलेला आहे. म्हणजे शब्द होता. परंतु तो वैद्याच्या पोथीत राहिला, रुग्णेच्या तोंडी आला नाही.

५

नामांहून क्रियापदांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या विकाराची मराठीतील वाक्ये एकत्र मांडून पाहावीत : लघवी सुटते, थेंब गळतो, अंग बाहेर येते, अंगावरून जाते. सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. कर्त्याच्या जागी पदार्थ आहे किंवा अवयव आहे; स्त्री कोठेही कर्त्री नाही. हे व्याकरण खोटे नाही. विकाराची जाणीव अशीच असते. आपल्या देहात काहीतरी आपल्यावाचून घडते आहे, असे त्या स्त्रीला वाटते.

मराठीत अशा अकर्मक धातूंचे सकर्मक जोडीदार स्वरबदलाने सिद्ध होतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, आणि याच कुळातील सुटणे–सोडणे. लघवी सुटते तो विकार. लघवी सोडणे ही आरोग्यातील क्रिया. श्रोणितलाच्या भौतिकोपचाराचे सार व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर ‘सुटते’ या वाक्याचे ‘सोडते’ असे वाक्य करणे, म्हणजे स्त्रीला तिचे हरवलेले कर्तृपद परत मिळवून देणे, हेच ते होय.

यासाठी सूचनेत सकर्मक क्रियापदे लागतात. ती आपल्याजवळ आहेत, परंतु प्रत्येकामागे एक चकवा आहे. ‘आवळा’ म्हटले की गाठ, नाडी, कमरपट्टा आठवतो. चहूबाजूंनी दाबणे हा अर्थ त्यात आहे, वर उचलणे हा नाही. म्हणून स्त्री नितंब आणि मांड्या आवळते. ‘आत ओढा’ म्हटले की पोट आत जाते. ‘रोखून धरा’ म्हटले की श्वास रोखला जातो, कारण मराठीत लघवी आणि श्वास या दोन्हींसाठी तेच क्रियापद आहे. ‘जोर लावा’ने काय होते ते आरंभीच सांगितले. आणि ‘सोडा’ म्हटले की काही स्त्रिया सैल न सोडता पुन्हा कुंथतातच.

यावर उपायही मराठीच्या रचनेतच सापडतो. एका क्रियापदाने काम भागत नसेल, तर दोन क्रियांचा क्रम लावून देणारे ‘ऊन’ प्रत्ययाचे धातुसाधित आपल्या भाषेत आहे. ‘आवळून वर उचला’, ‘उचलून धरा’, ‘धरून मग हळूहळू सैल सोडा’ या तीन लहान वाक्यांत संपूर्ण क्रिया येते. तसेच ‘कुंथणे’ या नेमक्या क्रियापदाचा उपयोग निषेधासाठी करावा. ‘कुंथावयाचे नाही’ एवढे दोन शब्द मावशींना पहिल्याच दिवशी मिळाले असते, तर त्यांचे दोन महिने वाया गेले नसते. ग्राम्य म्हणून हा शब्द पत्रकातून वगळला जातो. परंतु त्याच्याइतका अचूक दुसरा शब्द कोणत्याही परिभाषाकोशातून आणता येणार नाही.

६

सूचनेचा आरंभ कोणत्या जागेपासून करावा, हाही संशोधनाचा विषय झालेला आहे. क्रॉटी व सहकाऱ्यांनी २०११ साली ध्वनिचित्रणाच्या साहाय्याने केलेल्या लहान अभ्यासात केवळ पुढच्या बाजूची सूचना, म्हणजे लघवी थांबविल्यासारखे करा, ही कमी परिणामकारक ठरली; मागच्या बाजूची, किंवा मागची व पुढची मिळून दिलेली सूचना अधिक परिणामकारक ठरली. मराठीत ही सूचना देण्यास अडचण पडू नये. ‘चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसे धरून ठेवतो, तसे करा, आणि तेच वर उचला’, असे म्हटले की बहुतेक स्त्रिया प्रथम हसतात आणि मग त्यांच्या ते ध्यानात येते. हसणे हेही येथे उपयुक्तच आहे. त्याने संकोच ओसरतो.

प्रत्यक्ष उपचाराची रीत थोडक्यात अशी : भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम तक्रार ऐकून घेते. मग स्त्रीची स्पष्ट संमती घेऊन बोटाने, किंवा ध्वनिचित्रणाने, स्नायू कसा आवळला जातो व कसा सैल होतो ते तपासते. स्नायू दुर्बल आहे की आखडलेला, हे ठरल्यावरच व्यायाम ठरतो. दुर्बल स्नायूसाठी ब्रिटनमधील मार्गदर्शिकेत दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी निदान आठ आकुंचने, आणि हा क्रम देखरेखीखाली किमान तीन महिने, असे प्रमाण दिलेले आहे. श्वास रोखला जाऊ नये म्हणून मोठ्याने अंक मोजावयास सांगतात. लघवी करताना मध्येच धार थांबविण्याचा नित्य व्यायाम मात्र करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात बाधा येऊ शकते. याखेरीज एक लहानशी खुबी शिकविली जाते. खोकला वा शिंक येण्यापूर्वी, किंवा घागर उचलण्यापूर्वी, क्षणभर आधी स्नायू आवळून धरावयाचा. मिलर व सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की, ही खुबी शिकल्यावर आठवडाभरातच खोकताना होणारी गळती कमी होते. मावशींनाही शेवटी याचाच उपयोग झाला. नीट शिकविल्यानंतर चौथ्या महिन्यात त्या म्हणाल्या, ‘आता खोकला येतो म्हणते, तर मी आधी धरून ठेवतो.’ सुटण्याची जागा धरण्याने घेतली होती.

हठयोगातील मूलबंधाशी या व्यायामाचे साम्य आहे, हे अनेकांच्या ध्यानात येईल. साम्य खरे आहे, आणि तो शब्द ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांच्यासाठी सूचनेत त्याचा उपयोग करण्यास हरकत नाही. तथापि मूलबंध हा श्वासनियमनाशी जोडलेला साधनेचा भाग आहे. हा व्यायाम तपासणीवर आधारलेला उपचार आहे. दोहोंची गल्लत करू नये.

७

या सर्व विवेचनाचा आपल्या प्रदेशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध फार निकटचा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली होती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३·६. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या रोगांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते, श्रोणितलाचे नव्हते. म्हणून हे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु ५५ आणि ९२ यांतील अंतर भाषाभ्यासकाने विसरू नये असे आहे. त्यातील काही भाग रोगाची जाणीवच नसण्याचा असेल. काही भाग मात्र शब्दाचा असतो. ज्या दुखण्याला बोलता येईल असे नाव नाही, ते दुखणे ‘बाईच्या जातीला असायचेच’ या सदरात जमा होते, आणि मग ते सांगण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा आपल्या विभागापुढे एक काम स्पष्ट दिसते. वऱ्हाडी, झाडीबोली, हळबी आणि गोंडी या बोलींत स्त्रिया या अवयवांना, या विकारांना आणि विशेषतः या क्रियांना कोणते शब्द वापरतात, याचा पद्धतशीर संग्रह झाला पाहिजे. नामांपेक्षा क्रियापदे आधी गोळा करावीत. कारण नामाने दुखणे ओळखू येते, परंतु उपचार क्रियापदाने होतो. हे काम स्त्री-संशोधकांनी, स्त्रियांच्या संमतीने, माहेरच्या ओसरीवर बसून करावयाचे आहे. संग्रहातील प्रत्येक सूचना भौतिकोपचारतज्ज्ञांच्या मदतीने पडताळून पाहता येईल : हा शब्द ऐकल्यावर स्नायू वर उचलला जातो की खाली ढकलला जातो? शब्दाच्या अर्थाची इतकी प्रत्यक्ष परीक्षा घेण्याची संधी भाषाभ्यासकाला क्वचितच मिळते. आणि त्या परीक्षेचा निकाल आपल्या शोधपत्रिकेच्या पानावर लागेल, त्याआधी तो एखाद्या स्त्रीच्या रोजच्या खोकण्या-शिंकण्यात लागलेला असेल.